आरफ्लॅग्सचा कोणता बिट कोणाचा: एका लहान कर्नलच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२४

मी लिहीत असलेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आता ६४-बिट मोडमध्ये सुरू होतो, दोन युजर प्रोसेस टायमरच्या ठोक्यावर आलटून पालटून चालतात आणि सिस्टिम कॉल करून पडद्यावर अक्षरे उमटवतात. इतके दिवस प्रोसेसरच्या स्थिती दाखवणाऱ्या फ्लॅग्सकडे मी जवळजवळ दुर्लक्षच केले होते. नवी प्रोसेस तयार करताना तिच्या पहिल्या फ्रेममध्ये (स्टॅकवर जपलेल्या रजिस्टरांच्या संचात) आरफ्लॅग्सच्या, म्हणजे हे सगळे फ्लॅग एकेका बिटात ठेवणाऱ्या रजिस्टरच्या, जागी हेक्स २०२ हा आकडा लिहायचा, एवढाच माझा त्या रजिस्टरशी संबंध होता, आणि तो आकडाही कुठल्याशा उदाहरणातून न समजता उतरवून घेतलेला होता. पुढचे काही आठवडे हेच काम घेतले आहे: कर्नलमध्ये जिथे जिथे हे रजिस्टर एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिथे त्यातला प्रत्येक बिट कोणाच्या मालकीचा आहे हे ठरवून तसा कोड लिहायचा.

हेक्स २०२ उलगडून पाहिला तर त्यात दोनच बिट सेट आहेत. शून्यापासून मोजल्यास नववा बिट म्हणजे इंटरप्ट (टायमर, कळफलक अशा उपकरणांकडून येणारा व्यत्यय) स्वीकारण्याची परवानगी देणारा आयएफ. दुसरा म्हणजे पहिल्या क्रमांकाचा, कायम १ असणारा बिट. या बिटाला आज काहीही काम नाही. इंटेलच्या १९७४ सालच्या ८०८० प्रोसेसरच्या फ्लॅग बाइटमध्येही तो असाच कायम १ होता. ८०८६ ने तो बाइट आपल्या १६-बिट फ्लॅग्स रजिस्टरच्या तळाशी ठेवला, १९८५ च्या ८०३८६ ने त्या रजिस्टरचे ३२ बिट केले, आणि ६४-बिट काळात वरचे ३२ बिट राखीव ठेवून तेच रजिस्टर आपल्यापर्यंत आले. पन्नास वर्षांपूर्वीचा एक निरुपयोगी बिट रोज माझ्या डीबगरमध्ये दिसतो, याचे मला खरोखर अप्रूप वाटते.

खरी अडचण अशी की या एकाच रजिस्टरमध्ये वेगवेगळ्या स्वभावाची माहिती दाटीवाटीने राहते. सीएफ, पीएफ, एएफ, झेडएफ, एसएफ आणि ओएफ हे शेवटच्या गणिताचा निकाल सांगतात आणि ते संपूर्णपणे चालू प्रोग्रामचे असतात. डीएफ (स्ट्रिंग आज्ञांची दिशा), टीएफ (एकेका आज्ञेनंतर थांबणे) आणि एसी (पत्त्यांची सीमा तपासणे) हे प्रोग्रामने स्वतःहून लावायचे फ्लॅग, परंतु त्यांचा परिणाम कर्नलमध्ये आल्यावरही टिकू शकतो. आयएफ आणि आयओपीएल (इंटरप्ट आणि पोर्ट कोणत्या अधिकार पातळीपर्यंत हाताळता येतील हे ठरवणारे दोन बिट) यांवर मात्र फक्त कर्नलचा अधिकार असला पाहिजे. वाचताना आणि लिहिताना हे सगळे एकगठ्ठा येतात, आणि बहुतेक चुका या एकगठ्ठा हाताळणीतूनच होतात असा माझा आजचा अंदाज आहे.

८ जानेवारी

कर्नल कोसळल्यावर दिसणाऱ्या पडद्यावर आरफ्लॅग्स नुसत्या हेक्स आकड्याऐवजी फ्लॅगच्या नावांनिशी छापणारे छोटे फंक्शन लिहिले. हे काम पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

त्याच बैठकीत एक प्रयोग केला. युजर प्रोसेसमधून सीएलआय ही इंटरप्ट बंद करणारी आज्ञा चालवली तर अपेक्षेप्रमाणे १३ क्रमांकाचा अपवाद (प्रोसेसर कर्नलकडे नियंत्रण सोपवतो ती घटना), म्हणजे जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. परंतु तीच प्रोसेस पुशएफने फ्लॅग्स स्टॅकवर ठेवते, त्यातला नववा बिट शून्य करते आणि पॉपएफने ते परत घेते, तेव्हा ना फॉल्ट येतो, ना आयएफ बदलतो; प्रोसेसर तेवढा बिट निमूटपणे जुनाच ठेवून पुढे जातो. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासी यंत्रांसाठी जी अट मांडली, की यंत्राच्या संवेदनशील स्थितीला हात लावणारी प्रत्येक आज्ञा कमी अधिकाराच्या पातळीवर चालवल्यास नियंत्रकाकडे वर्दी गेलीच पाहिजे, ती अट पॉपएफ याच कारणाने मोडते. पुढे हार्डवेअरचे खास साहाय्य येईपर्यंत एक्स८६ वर, म्हणजे याच प्रोसेसर-कुळावर, आभासी यंत्रे बनवणे अवघड राहिले, त्यामागच्या कारणांपैकी हे एक ठळक कारण.

माझ्यापुरता धडा लहान पण उपयोगी आहे. पॉपएफ सगळे बिट स्वीकारतेच असे नाही, आणि काय स्वीकारले हे ती सांगतही नाही. म्हणून लिहिलेले फ्लॅग्स परत वाचून पाहिल्याखेरीज कोणतीही चाचणी पुरी झाली असे मानायचे नाही.

११ जानेवारी

यंत्र गोठले. पडद्यावरचा मजकूर अर्ध्या ओळीत थांबलेला, कळफलक निर्जीव. जीडीबी हा डीबगर जोडून पाहिले तर सूचनादर्शक (चालू आज्ञेचा पत्ता) स्पिनलॉकच्या, म्हणजे मोकळे होईपर्यंत फिरत वाट पाहायच्या लॉकच्या, फेऱ्यात अडकलेला होता आणि आयएफ शून्य होता. म्हणजे आता कोणताही इंटरप्ट येऊन सुटका करणार नव्हता. स्टॅक वर चढत गेल्यावर टायमरच्या इंटरप्टने ठेवलेली फ्रेम सापडली. तिच्यात आरफ्लॅग्सची किंमत हेक्स २४६ होती. ती उलगडली की आयएफ, झेडएफ, पीएफ आणि तो कायमचा पहिला बिट असे चार मिळतात. झेडएफ आणि पीएफ हे कुठल्यातरी तुलनेचे अवशेष, त्यांच्याशी कर्तव्य नाही. पण आयएफ तिथे सेट असायलाच नको होता, कारण टायमर आला त्या क्षणी कर्नल तयार प्रोसेसच्या रांगेचे लॉक धरून बसला होता आणि लॉक धरताना मी सीएलआय चालवतेच.

कारण उलगडायला वेळ लागला नाही. रांगेचे लॉक धरलेले असतानाच मी तपासणीसाठी कन्सोलवर एक ओळ छापत होते. कन्सोलचे स्वतःचे लॉक आहे. ते घेताना सीएलआय आणि सोडताना एसटीआय. आतले लॉक सुटले तेव्हा एसटीआयने इंटरप्ट उघडले, बाहेरचे लॉक मात्र अजून हातात होते. नेमक्या त्याच फटीत टायमर आला, त्याच्या हँडलरला तेच रांगेचे लॉक हवे होते, आणि एकाच कोरवर स्वतःचीच वाट पाहत तो कायमचा फिरत राहिला.

दोष एसटीआयमध्ये आहे. लॉक सोडणाऱ्या कोडने इंटरप्ट उघडण्याचा निर्णय घेण्याचे कारणच नाही. लॉक घेण्यापूर्वी जी अवस्था होती ती परत आणणे एवढेच त्याचे काम. म्हणून आता लॉक घेणारे फंक्शन आधी आरफ्लॅग्स वाचते, मग सीएलआय करते आणि वाचलेली किंमत बोलावणाऱ्याला परत देते. बोलावणाऱ्याने ती आपल्या स्थानिक चलात जपून ठेवायची आणि लॉक सोडताना परत द्यायची. ही किंमत लॉकच्याच रचनेत ठेवण्याचा मोह मला झाला होता, पण लॉक मिळण्याआधीच तिथे लिहिले तर दुसऱ्या कोरची जपलेली किंमत पुसली जाईल. सध्या कोर एकच असला तरी पुढची सोय म्हणून ती स्थानिकच ठेवली.

पूर्वस्थिती परत आणताना आणखी एक प्रश्न समोर आला: वाचलेले संपूर्ण आरफ्लॅग्स पॉपएफने परत घालायचे, की फक्त आयएफ पाहायचा? पहिला मार्ग सोपा आहे, पण मधल्या काळात मुद्दाम बदललेला दुसरा एखादा फ्लॅग त्यात नकळत मागे फिरेल, शिवाय पॉपएफ एसटीआयपेक्षा महागही पडते. मी नववा बिट तपासून, तो सेट असेल तरच एसटीआय करते आणि एरवी काहीच करत नाही. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या कर्नलमध्ये वेगळी वाट घेतलेली आहे: प्रत्येक कोरसाठी एक मोजणी ठेवायची, ती शून्यावरून एकवर जाताना मूळ आयएफ टिपून घ्यायचा आणि पुन्हा शून्यावर आली की तो परत आणायचा. त्या पद्धतीत बोलावणाऱ्याला काही जपावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. तरीही मी स्थानिक चल निवडले, कारण फ्लॅगची जुनी किंमत कोणाकडे आहे हे कोड वाचतानाच दिसावे असे मला वाटते.

१२ जानेवारी

कालचेच फ्लॅग्स वाचणारे फंक्शन एका युजर चाचणीत वापरले आणि तिथले एक स्थानिक चल आपोआप बदलू लागले. पुशएफक्यू (६४-बिट पुशएफ) आणि लगेच पॉप, एवढ्या दोनच आज्ञा. त्यात बिघडण्यासारखे काय असावे याचा अर्धा दिवस विचार केला. युनिक्स वंशाच्या ६४-बिट प्रणाल्या जो एबीआय (फंक्शनांनी रजिस्टरे आणि स्टॅक कसे वापरावे याचा करार) पाळतात, त्यानुसार स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट, ज्यांना रेड झोन म्हणतात, ते दुसऱ्या कोणाला न बोलावणारे फंक्शन मोकळेपणाने वापरू शकते. कंपायलरने ते चल तिथेच ठेवले होते आणि माझी पुशएफक्यू नेमकी त्यावर लिहीत होती. कर्नल मी पहिल्यापासून रेड झोन बंद करून कंपाइल करते, कारण एरवी कर्नलमध्ये असताना आलेला इंटरप्टही त्याच जागेवर फ्रेम लिहील. त्यामुळे तिथे हा दोष कधी दिसलाच नाही. युजर बाजूसाठी आता वेगळी आवृत्ती आहे, जी आधी स्टॅक पॉइंटर १२८ ने खाली सरकवते.

१७ जानेवारी

काही काम नसताना प्रोसेसरला एचएलटीने झोपवणारा कोड आज नीट केला. जुना कोड इंटरप्ट उघडे ठेवून रांग रिकामी आहे का पाहत होता आणि रिकामी असल्यास एचएलटी चालवत होता. रांग पाहून झाल्यावर आणि एचएलटीच्या आधी कळफलकाचा इंटरप्ट आला, तर त्याने जागी केलेली प्रोसेस रांगेत उभी राहते, परंतु कर्नलने रांग आधीच पाहून घेतलेली असल्याने तो निवांत झोपतो. माझा टायमर सेकंदाला १०० ठोके देतो, म्हणून उशीर १० मिलिसेकंदांपलीकडे जात नव्हता आणि दोष झाकलेला राहिला.

उपाय प्रोसेसरच्या एका खास नियमावर उभा आहे. आयएफ शून्य असताना एसटीआय चालवली, तर इंटरप्ट तत्काळ स्वीकारले जात नाहीत. एसटीआयच्या पुढची एक आज्ञा पूर्ण झाल्यावरच ते स्वीकारले जातात. म्हणून क्रम असा हवा: सीएलआय, रांगेची तपासणी, आणि रांग रिकामी असेल तर एसटीआय व तिच्या पाठीला पाठ लावून एचएलटी. दोन्हींच्या मध्ये कोणी शिरूच शकत नाही; आलेला इंटरप्ट एचएलटीमध्ये शिरल्यावरच पोहोचतो आणि प्रोसेसरला उठवतो. हा क्रम लिहूनही दोष गेला नाही, तेव्हा लक्षात आले की कर्नल झोपल्याची खूण म्हणून मी त्या दोन आज्ञांच्या मध्ये सीरियल पोर्टवर एक अक्षर पाठवत होते. त्या एका आज्ञेने संरक्षणाची संधी खाऊन टाकली होती. आता त्या दोन आज्ञा एकाच असेंब्ली तुकड्यात आहेत, म्हणजे कंपायलरलाही त्यांच्यामध्ये काही घालता येणार नाही.

२२ जानेवारी

आजपासून सिस्टिम कॉलचा दरवाजा. सिसकॉल ही आज्ञा परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि युजरचे आरफ्लॅग्स आर११ मध्ये ठेवते, आणि मग एफमास्क नावाच्या रजिस्टरमध्ये जे बिट सेट असतील ते चालू आरफ्लॅग्समधून पुसते. मला ही रचना मनापासून आवडते. युजरची प्रत आर११ मध्ये धक्का न लागता राहते आणि परत जाताना सिसरेट तीच परत घालते. कर्नल मात्र आपल्याला हवी तशी स्वच्छ पाटी घेऊन काम सुरू करतो. एकाच क्षणी दोघांच्या मालकीची अशी रीतसर वाटणी इतर कोणत्याही दरवाज्यावर नाही.

माझ्या एफमास्कमध्ये फक्त हेक्स २०० होते, म्हणजे एकटा आयएफ. चाचणी म्हणून युजर प्रोग्रामने एसटीडी चालवून डीएफ सेट केला आणि मग नवे पान मागणारा सिस्टिम कॉल केला. कर्नल ते पान शून्यांनी भरून देतो, आणि ते भरण्यासाठी रेप एसटीओएस ही आज्ञा वापरतो. डीएफ सेट असल्याने ती उलट्या दिशेने चालली: पानाचा पहिला शब्द शून्य झाला आणि उरलेली सगळी शून्ये त्या पानाच्या खालच्या, दुसऱ्या प्रोसेसच्या पानावर सांडली. मागणाऱ्याला मिळालेल्या पानात आधीच्या मालकाचा मजकूर तसाच होता. एका युजर बिटाने दोन दोष एकदम घडवले. शेजाऱ्याची स्मृती पुसली गेली आणि तिसऱ्याचीच माहिती उघडी पडली.

एबीआयचा नियम असा की कोणत्याही फंक्शनमध्ये शिरताना आणि त्यातून निघताना डीएफ शून्य असला पाहिजे. कंपायलर या नियमावर विसंबून असतो. २००८ मध्ये जीसीसी ४.३ या कंपायलरने स्ट्रिंग आज्ञांच्या आधी सीएलडी (डीएफ साफ करणारी आज्ञा) घालणे बंद केले, आणि त्यामुळे लिनक्स कर्नल सिग्नल हँडलर (एखादी घटना कळवल्यावर चालणारे प्रोग्रामचे फंक्शन) सुरू करताना डीएफ साफ करत नाही ही जुनी त्रुटी उजेडात आली; तोवर कंपायलरची जादा सीएलडी ती झाकून घेत होती. माझ्या बाबतीत झाकणारेही कोणी नव्हते.

२४ जानेवारी

एफमास्क वाढवण्याआधी टीएफची परीक्षा मुद्दाम घेतली, कारण हा धोका पुस्तकी वाटून सोडून द्यावा असा नाही. टीएफ सेट असला की प्रत्येक आज्ञेनंतर १ क्रमांकाचा डीबग अपवाद येतो. डीबगर याच आधारे एकेक पाऊल टाकतो. युजर प्रोग्रामने पॉपएफने टीएफ लावला आणि पुढचीच आज्ञा सिसकॉल ठेवली. एफमास्कमध्ये टीएफ नसल्याने अपवाद आला तो कर्नलच्या प्रवेशबिंदूवर, त्याची पहिली आज्ञा चालण्याच्याही आधी.

त्या क्षणाची अवस्था नीट पाहण्यासारखी आहे. अधिकार पातळी शून्य, म्हणजे पूर्ण कर्नलची. परंतु सिसकॉल स्टॅक बदलत नाही, म्हणून आरएसपीमध्ये, म्हणजे स्टॅक पॉइंटरमध्ये, अजून युजरचाच पत्ता. अपवाद शून्य पातळीतूनच शून्य पातळीत येत असल्याने प्रोसेसरही आपणहून स्टॅक बदलत नाही, आणि कर्नलच्या पूर्ण अधिकाराने तो आपली फ्रेम युजरने दिलेल्या पत्त्यावर लिहितो. माझ्या चाचणीने आरएसपीमध्ये निरर्थक पत्ता ठेवला होता, त्यामुळे फॉल्टवर फॉल्ट येऊन यंत्र रिसेट झाले. तिथे कर्नलच्याच स्मृतीचा पत्ता ठेवला असता, तर युजर प्रोग्रामने कर्नलच्या हातून कर्नलवरच लिहून घेतले असते.

टीएफ मास्कमध्ये घातल्यावर हे थांबले, आणि युजरचा टीएफ आर११ मधून परत जात असल्याने युजर बाजूला एकेक पाऊल टाकणे पूर्वीसारखेच चालते. तरीही डीबग अपवादाला आयएसटीमधला (अपवादांसाठी राखलेल्या स्टॅकच्या तक्त्यातला) स्वतंत्र स्टॅक दिला आहे. मे २०१८ मध्ये जाहीर झालेल्या त्रुटीत असे दिसले होते की एसएस रजिस्टर बदलणाऱ्या आज्ञेमुळे लांबलेला डीबग अपवाद पुढच्या सिसकॉलनंतर, कर्नलच्या आत येऊन आदळू शकतो, आणि त्यासाठी टीएफचीही गरज लागत नाही, हार्डवेअर ब्रेकपॉइंट पुरतो. कित्येक ऑपरेटिंग सिस्टिमना तेव्हा दुरुस्ती करावी लागली होती. त्यामुळे हा स्वतंत्र स्टॅक मी अनावश्यक मानत नाही.

एफमास्क आता हेक्स ४७७०० आहे: टीएफ, आयएफ, डीएफ, आयओपीएलचे दोन बिट, एनटी आणि एसी. एनटीचे कारण एका वाक्यात नोंदवून ठेवते. तो सेट असताना ६४-बिट मोडमध्ये आयरेटक्यू (इंटरप्टमधून परतण्याची आज्ञा) चालवली की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो, युजरला तो बिट पॉपएफने सहज लावता येतो, आणि माझा कर्नल काही सिस्टिम कॉलमधून आयरेटक्यूनेच परततो.

२९ जानेवारी

एफमास्क फक्त सिसकॉलपुरता आहे, ही गोष्ट लिहिताना माहीत असूनही मनातून निसटली होती. इंटरप्ट गेटमधून आत येताना प्रोसेसर आयएफ, टीएफ, एनटी, आरएफ आणि व्हीएम साफ करतो. डीएफ आणि एसी यांना तो हात लावत नाही. म्हणजे एसटीडी करून नुसते फिरत बसलेल्या युजर प्रोग्रामवर टायमरचा इंटरप्ट आला, की माझा सी भाषेतला हँडलर डीएफ सेट असलेल्या अवस्थेत सुरू होतो. प्रत्येक प्रवेशावर रजिस्टरे जपून झाल्याबरोबर सीएलडी घातली. एका आज्ञेचे काम, पण ती एका अपवादाच्या प्रवेशावर विसरली होती. आता सगळे प्रवेश एकाच मॅक्रोतून तयार होतात.

एसीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण या बिटाला दोन जन्म आहेत. तो ८०४८६ बरोबर आला, आणि त्याचा मूळ अर्थ असा की सीआर० या नियंत्रण रजिस्टरमधला एएम बिट सेट असताना, युजर पातळीवर अयोग्य सीमेवरच्या पत्त्याला हात लावला तर १७ क्रमांकाचा अपवाद द्यावा. पुढे एसमॅप हे संरक्षण आले. सीआर४ चा २१वा बिट सेट केला की कर्नललाही युजरच्या पानांना हात लावता येत नाही. जेव्हा मुद्दाम लावायचा असेल तेव्हा कर्नलने एसटीएसी या आज्ञेने एसी सेट करावा आणि काम होताच क्लॅकने तो साफ करावा. एकाच बिटाचा अर्थ तिसऱ्या, म्हणजे युजरच्या, पातळीवर ‘पत्त्यांची सीमा तपास’ असा, आणि शून्य पातळीवर ‘ही बंदी तात्पुरती उठव’ असा. पहिला अर्थ युजरच्या हातातला असल्यामुळे दुसराही नकळत त्याच्या हातात जातो: त्याने पॉपएफने एसी लावायचा आणि टायमरची वाट पाहत बसायचे, की इंटरप्टचा हँडलर एसमॅपच्या संरक्षणाविना चालू लागतो.

हे प्रत्यक्ष पाहिले. हँडलरच्या सुरुवातीला आरफ्लॅग्स छापले तेव्हा हेक्स ४००००, म्हणजे अठरावा बिट, स्वच्छ दिसत होता. आता सीएलडीच्या शेजारी क्लॅकही आहे. ही आज्ञा जुन्या प्रोसेसरवर नाही आणि तिथे ती चालवल्यास अवैध आज्ञेचा अपवाद येतो, म्हणून सुरू होताना सीपीयूआयडी या प्रोसेसरच्या सोयी सांगणाऱ्या आज्ञेच्या सातव्या पानावर ईबीएक्सचा विसावा बिट तपासते, आणि एसमॅप नसेल तर त्या जागी तितक्याच लांबीच्या निष्क्रिय आज्ञा भरते.

१ फेब्रुवारी

एका प्रोसेसवरून दुसरीवर जाताना कर्नल बाजूचे आरफ्लॅग्स जपावेत का, यावर दोन दिवस विचार केला. युजरचे फ्लॅग्स प्रवेशाच्या फ्रेममध्ये असतातच; प्रश्न फक्त बदलाच्या क्षणी कर्नलच्या स्वतःच्या फ्लॅग्सचा आहे. जपायचे नाहीत असे ठरवले, पण त्याबरोबर एक अट घातली: बदल करणाऱ्या फंक्शनमध्ये शिरताना आयएफ, डीएफ, एसी आणि एनटी हे चारही शून्य असलेच पाहिजेत, नसतील तर कर्नलने तिथेच थांबावे.

अटीने दुसऱ्याच दिवशी काम केले. युजरच्या स्मृतीतून नक्कल करून घेणाऱ्या एका लांब फंक्शनमध्ये मी सुरुवातीला एसी सेट करत होते आणि मध्येच, बफर भरला की, प्रोसेसला स्वतःहून झोपवत होते. तिथे एसी सेट असतानाच दुसरी प्रोसेस सुरू झाली असती आणि ही परवानगी तिच्या पदरात पडली असती. नक्कल चालू असताना पेज फॉल्ट येऊन झोपावे लागले तर मात्र धोका नाही, कारण फॉल्टच्या प्रवेशावर क्लॅक होते आणि जुना एसी फ्रेममध्ये सुरक्षित राहून आयरेटक्यूबरोबर परत येतो. एसटीएसी आणि क्लॅक आता फक्त अगदी आतल्या नक्कल करणाऱ्या फेऱ्याभोवती आहेत, आणि त्यांच्यामध्ये दुसरे कोणतेही फंक्शन बोलावायचे नाही असा नियम केला आहे.

६ फेब्रुवारी

आजचा दोष या सर्व नोंदींतला सर्वांत गंभीर, आणि तो पूर्णपणे माझ्या निष्काळजीपणाचा. सिग्नल हँडलर संपल्यावर युजर प्रोग्राम आपली जुनी रजिस्टरे परत बसवायला कर्नलला सांगतो. ती रजिस्टरे युजरच्या स्टॅकवर असतात, म्हणून त्यांत युजर हवे ते लिहू शकतो. आरफ्लॅग्स घेताना मी एवढीच काळजी घेतली होती की आयएफ जबरदस्तीने सेट करायचा. आयओपीएलचे दोन बिट मी विसरले.

चाचणी प्रोग्रामने जपलेल्या आरफ्लॅग्समध्ये हेक्स ३००० मिळवले आणि परत येण्याची विनंती केली. कर्नलने ती किंमत फ्रेममध्ये ठेवली आणि शून्य पातळीवरून आयरेटक्यू केली. पॉपएफ युजरला आयओपीएल बदलू देत नाही, पण इथे लिहिणारा कर्नल होता, त्यामुळे प्रोसेसरने आक्षेप घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या ओळीत युजर प्रोग्रामने सीएलआय चालवली. ८ जानेवारीला जिथे फॉल्ट आला होता, तिथे आज काहीच आले नाही. टायमर थांबला, प्रोसेस बदलणे थांबले, आणि एक सामान्य युजर प्रोग्राम यंत्राचा एकमेव मालक होऊन फिरत राहिला. त्याला आता इनपुट-आउटपुट पोर्टही उघडे होते.

चूक विचाराच्या पद्धतीत होती. काय नाकारायचे याची यादी करत बसले तर एखादा बिट सुटतोच. काय स्वीकारायचे याची यादी करायला हवी. युजरकडून आता फक्त सीएफ, पीएफ, एएफ, झेडएफ, एसएफ, टीएफ, डीएफ, ओएफ आणि एसी स्वीकारते, ज्याचा मास्क हेक्स ४०डीडी५ होतो; बाकी सर्व बिट कर्नलने आधी जपलेल्या किमतीतून येतात. डीबगरने दुसऱ्या प्रोसेसची रजिस्टरे लिहिण्याच्या मार्गावरही हाच मास्क बसवला, आणि दोन्हीकडे एकच फंक्शन वापरले. सिग्नल हँडलर सुरू करताना डीएफ आणि टीएफ साफ करण्याचे कामही त्याच्या शेजारी आणून ठेवले आहे.

१० फेब्रुवारी

रिस्क-व्ही या दुसऱ्या प्रोसेसर-रचनेवर चालणाऱ्या कर्नलच्या शाखेसाठी समांतर रचना तपासली. तिथे गणिताचे फ्लॅग नाहीतच. तुलना आणि उडी एकाच आज्ञेत होतात. एसस्टेटस या स्थिती-रजिस्टरमध्ये केवळ कर्नलच्या मालकीचे बिट आहेत आणि युजर पातळीवरून त्या रजिस्टरला हात लावता येत नाही. ट्रॅप (इंटरप्ट किंवा अपवाद) येताच प्रोसेसर एसआयई या इंटरप्टच्या परवानगीच्या बिटाची प्रत एसपीआयईमध्ये ठेवतो, एसआयई शून्य करतो आणि आधीची पातळी एसपीपीमध्ये नोंदवतो. एसरेट हे उलटे करते. मात्र ही प्रत एकच पायरी खोल आहे, म्हणून आतल्या ट्रॅपला वाट देण्यापूर्वी एसस्टेटस आणि एसईपीसी (परतीचा पत्ता) स्टॅकवर जपावेच लागतात. युजरच्या पानांना हात लावण्याची परवानगी देणारा एसयूएम बिट तिथेही योगायोगाने अठरावाच आहे, पण युजरला तो लावता येत नसल्याने एसीसारखा दुहेरी अर्थ त्याला चिकटलेला नाही. लॉकच्या फंक्शनांची बाहेरची बाजू दोन्हीकडे तीच राहील. परत मिळणारी किंमत बोलावणाऱ्याने न उघडता जपायची, एवढाच करार.

१४ फेब्रुवारी

पॉपएफने युजरला बदलता येणारे अकरा फ्लॅग आहेत: गणिताचे सहा, शिवाय टीएफ, डीएफ, एनटी, एसी आणि आयडी (सीपीयूआयडी उपलब्ध आहे का हे तपासण्याचा बिट). टीएफची चाचणी वेगळी ठेवून उरलेले दहा, एकेक करून, सिसकॉल, सॉफ्टवेअर इंटरप्ट आणि टायमर या तिन्ही दरवाज्यांनी आत आणणारा प्रोग्राम लिहिला. कर्नल प्रवेशानंतर लगेच आरफ्लॅग्स टिपतो, परतल्यावर युजर स्वतःचा फ्लॅग शाबूत आहे का पाहतो. सिसकॉलमधून गणिताचे फ्लॅग आणि आयडी आत येताना दिसले. त्यांनी काही बिघडत नाही, तरी कर्नलची सुरुवात प्रत्येक वेळी सारख्याच अवस्थेतून व्हावी म्हणून तेही आणि आरएफही मास्कमध्ये घातले. एफमास्क आता हेक्स २५७एफडी५.

१९ फेब्रुवारी

दुसरा कोर सुरू केला आणि तीच चाचणी अधूनमधून फसू लागली. कधी डीएफ आत येई, कधी यंत्र काहीही न सांगता रिसेट होई. फसलेल्या प्रत्येक वेळी प्रोसेस दुसऱ्या कोरवर होती, हे नोंदींत कोरचा क्रमांक छापल्यावर कळले. एफमास्क प्रत्येक कोरचे स्वतंत्र असते. सिस्टिम कॉलचा प्रवेशपत्ता ठेवणारे एलस्टार मी प्रत्येक कोरच्या तयारीत लिहीत होते, पण एफमास्कची ओळ पहिल्या कोरच्या तयारीतच राहून गेली होती. दुसऱ्या कोरवर ते शून्यच होते, म्हणजे सिसकॉलनंतर आयएफसुद्धा उघडाच, आणि स्टॅक बदलण्याआधीच्या दोन-तीन आज्ञांत टायमर आला की कर्नलची फ्रेम युजरच्या स्टॅकवर. रिसेटचे कारण तेच.

ओळ कोरच्या तयारीत हलवली, आणि प्रत्येक कोरने एफमास्क लिहिल्यावर तो परत वाचून पडताळावा अशी तपासणी जोडली. चाचणी दोन्ही कोरवर रात्रभर चालवून पाहिली. एकदाही फसली नाही. सीआर४ मधला एसमॅपचा बिटही कोरनिहाय असतो, म्हणून तीच पडताळणी त्यालाही लावली. पुढचे काम एनएमआय या न अडवता येणाऱ्या इंटरप्टचा प्रवेश, जिथे आयएफ शून्य असूनही इंटरप्ट येतो.